जुन्या झाडांची शिरगणती : सुरुवात आपल्या वस्तीपासून

राळेगावच्या शेजारी दोन तालुके आहेत, बाभूळगाव आणि कळंब. बाभूळगावच्या नावात बाभूळ आहे, हे लहान मूलही सांगेल. कळंब हे कदंब वृक्षाचे मराठी नाव आहे, हे मात्र आता पुष्कळांना ठाऊक नसते. आपल्याच जिल्ह्यात उमरखेड आहे. उंबराला आपल्याकडे उमर म्हणणारी माणसे अजून आहेत. खुद्द राळेगाव तालुक्यात झाडगाव आहे, खैरी आहे, वडकी आहे. ही नावे उच्चारली की झाडेच डोळ्यांपुढे उभी राहतात. आपल्या पूर्वजांना गाव सांगायचे तर झाड सांगावे लागत होते, इतका त्या दोहोंचा संबंध जवळचा होता.

आज याच गावांत कोणाला विचारून पाहा : तुमच्या गावातील सर्वांत जुने झाड कोणते? ते कोणी लावले? त्याचा घेर किती? उत्तर देणारा माणूस क्वचित भेटेल. आणि जे उत्तर मिळेल ते बहुधा देवळाजवळच्या झाडाबद्दल असेल. देवळाजवळच्या झाडाला राखणदार असतो. पांदणीवरच्या निंबाला, धुऱ्यावरच्या आंब्याला, आखरावरच्या चिंचेला आणि आपल्या वस्तीतल्या पिंपळाला राखणदार नसतो. ज्याची नोंद नाही, त्याची तोड झाली तरी कोणाला पत्ता लागत नाही. माणसांच्या बाबतीत हा अनुभव आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या घेतला आहे. म्हणूनच झाडांच्या नोंदीचे महत्त्व आपल्या वाचकांना वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

'जुने' कोणाला म्हणायचे?

जुने झाड म्हटले की चारशे-पाचशे वर्षांचा वड आपल्या मनात येतो. आंध्र प्रदेशातील तिम्मम्मा मर्रिमानू हा वड सुमारे पावणेपाच एकरांवर पसरला आहे. कोलकात्याच्या वनस्पती उद्यानातील वडाचे मूळ खोड कुजल्यामुळे १९२५ साली काढून टाकावे लागले, तरी पारंब्यांच्या आधारावर तो आजही उभा आहे. आपल्या राज्यात संगमनेर तालुक्यातील पेमगिरीचा वड पाहायला लोक दुरून येतात. अशा झाडांची कीर्ती ऐकून आपल्याला वाटते, आपल्या गावात असे काय आहे?

येथेच गैरसमज होतो. महाराष्ट्रात नागरी क्षेत्रांसाठी झाडांच्या संरक्षणाचा १९७५ चा कायदा आहे. २०२१ साली त्यात दुरुस्ती झाली आणि ५० वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडाला वारसावृक्षाचा, म्हणजेच 'हेरिटेज ट्री'चा दर्जा मिळाला. असे झाड तोडायची परवानगी मागणाऱ्यावर झाडाचे जितके वय तितकी नवी झाडे लावण्याची जबाबदारी येते. याच कायद्यात दर पाच वर्षांनी वृक्षगणना करण्याची तरतूद आहे.

आता जरा बोटांवर हिशेब करा. १९७५ साली किंवा त्याआधी लावलेले झाड आज पन्नाशीला पोहोचले आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली. त्यानंतरच्या वीस वर्षांत खेड्यापाड्यांत विहारे उभी राहिली, पंचशील ध्वज लागले आणि कितीतरी ठिकाणी विहाराच्या अंगणात पिंपळाचे रोप लावले गेले. त्या रोपांचे आता वृक्ष झाले आहेत. कायद्याच्या मोजपट्टीने पाहिले तर आपल्या आजोबा-आजींनी लावलेली ही झाडे वारसा ठरण्याच्या वयाची आहेत. किती विहार समित्यांनी याची नोंद केली आहे?

झाड थोर कशाने होते?

झाड केवळ उंचीने किंवा घेराने थोर होत नाही. त्याच्या सावलीत काय घडले, यानेही ते थोर होते.

बडोद्याच्या सयाजीबागेतला, म्हणजेच कमाटी बागेतला वड घ्या. परदेशातून उच्च शिक्षण घेऊन आलेले बाबासाहेब १९१७ साली बडोदा संस्थानात नोकरीवर रुजू झाले. राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेतूनही त्यांना बाहेर काढण्यात आले. २३ सप्टेंबर १९१७ रोजी या बागेत झाडाखाली बसून त्यांनी अस्पृश्यता नष्ट करण्याचा संकल्प केला. ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. २०२२ साली राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाने या वटवृक्षाच्या परिसराला राष्ट्रीय महत्त्वाचे स्थळ म्हणून घोषित करावे, अशी शिफारस केली. वडासारखे वड गुजरातेत पुष्कळ असतील. हा वड मोठा झाला तो त्याच्या आठवणीने.

दुसरे उदाहरण नागपूरच्या दीक्षाभूमीचे. तेथील बोधिवृक्ष भदन्त आनंद कौसल्यायन यांनी श्रीलंकेतील अनुराधापूरहून आणलेल्या फांद्यांपासून १९६८ साली लावला. २०१८ मध्ये या वृक्षाला ५० वर्षे पूर्ण झाली. लाखो लोक तेथे माथा टेकवतात, पण हा वृक्ष वयानेही वारसा ठरला आहे, हे किती जणांच्या लक्षात आले?

अनुराधापूरचा वृक्ष तर झाडांच्या नोंदीचा आदर्शच म्हणावा लागेल. सम्राट अशोकाची कन्या संघमित्रा हिने बोधिवृक्षाची फांदी इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात तेथे नेली. माणसाने लावलेल्या आणि लागवडीचा काळ माहीत असलेल्या झाडांमध्ये ते जगातील सर्वांत जुने मानले जाते. का? झाड टिकले म्हणून तर खरेच, पण लोकांनी त्याचा इतिहास लिहून ठेवला म्हणूनही. खुद्द बुद्धगयेचा जुना वृक्ष १८७६ साली कोसळला आणि १८८१ साली अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी तेथे नवे रोप लावले. आज आपण ज्याचे दर्शन घेतो तो हा वृक्ष आहे. झाड पडले तरी वंश टिकवता येतो, हा त्यातला धडा आहे.

आणि एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. गावातल्या पारावरचे झाड सगळ्या गावाचे, असे पुस्तकांत लिहिलेले असते. प्रत्यक्षात त्या पारावर बसण्याचा हक्क आपल्या आजोबा-पणजोबांना नव्हता. त्यांची बैठक भरत होती ती गावकुसाबाहेरच्या निंबाखाली, चिंचेखाली. ज्या काळी शाळेत वेगळे बसवत, त्या काळी अंक गिरवले ते कुठल्या तरी झाडाखालीच. वस्तीतली भांडणे तेथे मिटली, सोयरिकी तेथे जुळल्या, बाबासाहेबांचे नाव पहिल्यांदा कानावर पडले तेही अशाच सावलीत. गावाच्या पारावरच्या झाडाचा इतिहास कोणीतरी लिहील. आपल्या झाडांचा इतिहास आपण लिहिला नाही तर कोणीच लिहिणार नाही.

आधी ओळख पटवा

नोंद करायची तर झाडाची नेमकी ओळख हवी. आपल्याच जिल्ह्यातील एक उदाहरण बोलके आहे. पुसद तालुक्यातील खर्शी गावात एका शेतातले जुने झाड वर्धा–यवतमाळ–नांदेड रेल्वेमार्गासाठी घेतलेल्या जमिनीत आले. ते रक्तचंदनाचे असल्याचे सांगून शेतकरी कुटुंबाने मोबदला मागितला. प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेले आणि २०२५ मध्ये न्यायालयाने रेल्वेला एक कोटी रुपये जमा करण्यास सांगितले. रक्तचंदन आणि आपल्या रानातला बिजा हे एकाच कुळातले अगदी जवळचे भाऊबंद आहेत. पण एकाचे लाकूड सोन्याच्या भावाने जाते, दुसऱ्याचे जात नाही. झाड कोणते, या एका प्रश्नावर सारा हिशेब फिरतो. अशी ओळख जाणकाराकडून, वनखात्याकडून पटवून घ्यावी.

राळेगाव भागातली नेहमीची जुनी झाडे मात्र आपण स्वतः ओळखू शकतो. वड, पिंपळ आणि उंबर ही तिन्ही एकाच कुळातली. वडाला पारंब्या, पिंपळाच्या पानाला लांब शेपटी, उंबराची फळे थेट खोडाला आणि जाड फांद्यांना लगडलेली. मोहाची पाने फांदीच्या टोकाशी झुपक्याने असतात आणि मार्च-एप्रिलमध्ये पहाटे त्याची फुले टपटप पडतात. अर्जुनाची साल पांढुरकी व गुळगुळीत असते, फळाला पाच धारा असतात आणि तो नदी-नाल्याच्या काठाने आढळतो. वर्धा नदीच्या बाजूच्या गावांनी त्याचा शोध घ्यावा. बिजाच्या सालीला जखम झाली की रक्तासारखा लाल डिंक येतो. कडुनिंब आणि बकाणनिंब यांत फसू नये. निंबाची फळे लांबट असून पिकली की लवकर गळतात, बकाणाची फळे गोल असून पाने झडली तरी झुपक्याने लोंबत राहतात. चिंच मूळची आफ्रिकेतली असली तरी हजारो वर्षांपासून ती आपलीच झाली आहे. गुलमोहर मादागास्करचा. तो दिसायला देखणा, पण दीर्घायुषी नव्हे.

मोजमाप कसे घ्यावे?

याला महागडे साहित्य लागत नाही. शिंप्याकडची टेप किंवा साधी सुतळी पुरे. जमिनीपासून साडेचार फुटांवर, म्हणजे मोठ्या माणसाच्या छातीच्या उंचीवर, खोडाभोवती टेप गुंडाळून घेर मोजावा. वडाचे मुख्य खोड वेगळे आणि जाड पारंब्या वेगळ्या मोजाव्यात. दुपारी झाडाची सावली कोठवर पडते, तेथे चार बाजूंना खडे ठेवून पसारा मोजता येतो.

उंची काढण्याची रीत शाळेतल्या मुलांना फार आवडते. चार फुटांची काठी उन्हात सरळ उभी करा. तिची सावली तीन फूट पडली आणि त्याच वेळी झाडाची सावली बुंध्यापासून ४५ फूट भरली, तर झाड ६० फूट उंच आहे. त्रैराशिकाचे गणित वहीत सोडवण्यापेक्षा असे सोडवलेले जन्मभर लक्षात राहते. मुलांबरोबर एक मोठा माणूस मात्र असावा. जुन्या झाडावर आग्यामोहोळ असते, ढोलीत साप असू शकतो. दगड मारू नये, ढोलीत हात घालू नये.

वय सांगेल ती आजी

घेरावरून वयाचा नक्की आकडा काढता येत नाही. काळ्या कसदार जमिनीत, विहिरीच्या थारोळ्याजवळ झाड झपाट्याने वाढते. तेच झाड मुरमाड टेकडीवर खुरटते. सागाच्या खोडात वर्षागणिक वलये पडतात, पण ती मोजायला झाड कापावे लागते. जिवंत झाडाचे वय सांगणारा सर्वांत चांगला पुरावा म्हणजे वस्तीतली म्हातारी माणसे.

त्यांना सन विचारू नका. सन सांगता येत नाही म्हणून त्या माऊल्या गप्प बसतात. प्रश्न असे विचारा : दीक्षेला नागपूरला गेलात तेव्हा हे झाड होते का? केवढे होते? बहात्तरच्या दुष्काळात याची पाने जनावरांना घातली का? नामांतराच्या वेळी, म्हणजे १९९४ च्या जानेवारीत, याखाली सभा झाली का? तुम्ही लग्न होऊन या वस्तीत आलात तेव्हा याला झोका बांधता येत होता का? अशा उत्तरांतून दहा-पंधरा वर्षांच्या फरकाने वय हाती लागते. दोन वेगवेगळ्या घरांतून तेच उत्तर आले तर ते पक्के धरावे. जमीन शेताची असेल तर सातबाऱ्याच्या शेऱ्यात झाडांची नोंद आहे का, तेही तलाठ्याकडे पाहावे. आणि झाडाच्या निमित्ताने आजीची जी हकीकत निघेल, ती पूर्ण लिहून घ्यावी. झाड पन्नास वर्षे आणखी उभे राहील, आजी राहणार नाही.

एका झाडावर किती संसार

जुन्या झाडाची जागा दहा नवी रोपे घेऊ शकत नाहीत, याचे कारण त्याच्या ढोलीत आहे. राखी धनेश हा पक्षी फक्त जुन्या झाडाच्या ढोलीतच घरटे करतो. मादी आत बसून ढोलीचे तोंड लिंपून घेते आणि नर फटीतून तिला वड-पिंपळ-उंबराची फळे भरवतो. पिंगळा, पोपट, साळुंकी यांनाही ढोली लागते. कोवळ्या झाडाला ढोली नसते.

माणसांचेही तसेच. मोहफुले आणि टोळ, चिंच, बिब्यापासून निघणारी गोडंबी, निंबोळ्या, डिंक, पळसाची पाने यांवर भूमिहीन बायाबापड्यांचा उन्हाळा निघतो. कोलाम आणि गोंड बांधवांच्या जीवनात मोहाचे स्थान तर सर्वांना ठाऊक आहे. कोणते झाड कधी बहरते, कोणत्या चिंचेची गोडी अधिक, हे ज्ञान या बायांकडे आहे. नोंदवहीत त्यांचे म्हणणे आधी यावे.

भीती नको, जाण हवी

पिंपळावर मुंजा असतो, चिंचेवर हडळ असते, या भीतीपोटी काही झाडे वाचली असतील. पण भीतीवर उभे असलेले संरक्षण टिकत नाही. भीती गेली की कुऱ्हाड येते. दुसरीकडे 'पिंपळ रात्रीसुद्धा प्राणवायू सोडतो' असे आपलीच शिकलेली मुले सांगतात. प्राणवायू तयार व्हायला प्रकाश लागतो. रात्री पिंपळही इतर झाडांप्रमाणे श्वासच घेतो. झाडावर प्रेम करायला खोट्याचा आधार कशाला?

आपल्याकडे याहून चांगली परंपरा आहे. विनयाच्या नियमांत भिक्खूला झाडझाडोरा तोडण्याची मनाई आहे. अशोकाने आपल्या स्तंभलेखात रस्त्यांच्या कडेला वड लावल्याचे आणि आमराया केल्याचे कोरून ठेवले, आणि त्याचे कारणही दिले : माणसांना आणि जनावरांना सावली मिळावी. तेथे ना भूत आहे, ना नवस.

वाचवायचे कसे?

सांगली जिल्ह्यातील भोसे येथला सुमारे चारशे वर्षांचा म्हणून प्रसिद्ध असलेला वड २०२० साली रत्नागिरी–नागपूर महामार्गाच्या आड आला. हाच मार्ग पुढे आपल्या जिल्ह्यातून, यवतमाळ-कळंबवरून जातो. लोक उभे राहिले, बातम्या झाल्या, मंत्र्यांनी लक्ष घातले आणि रस्ता थोडा वळवण्याचे ठरले. पुढे २०२२ साली तो वड वादळवाऱ्यात कोसळला, ही गोष्ट वेगळी. माणसाने ठरवले तर रस्ता वळतो, एवढे मात्र सिद्ध झाले. पण त्या वडाजवळ यल्लम्माचे देऊळ होते आणि त्याचे नाव सर्वांना माहीत होते. ज्याचे नाव कोणाला माहीत नाही, त्याच्यासाठी कोण उभे राहील?

राळेगावात नगरपंचायत आहे. आपल्या प्रभागातील पन्नाशी ओलांडलेल्या झाडांची यादी लेखी देऊन पोच घ्यावी. खेड्यांत १९६४ चा वृक्षतोड नियमनाचा कायदा लागू होतो. त्याच्या अनुसूचीत साग, मोह, चिंच, आंबा, जांभूळ, खैर, बिजा, अंजन अशी झाडे आहेत, पण मूळ अनुसूचीत वड, पिंपळ, उंबर, निंब यांची नावे नाहीत. म्हणून खेड्यात दुसरा मार्गही धरावा. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असली पाहिजे. आपल्या वस्तीतली झाडे त्या नोंदवहीत आली की नाही, हे ग्रामसभेत विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. हरियाणा सरकारने ७५ वर्षांवरील झाडांची देखभाल करणाऱ्यांना वर्षाला अडीच हजार रुपयांपासून मानधन सुरू केले. मागणी केली तर आपल्याकडेही विचार होऊ शकतो.

घरचे काम मात्र आजच करता येईल. बुंध्याला चिकटून सिमेंटचा चौथरा बांधू नका. मुळांना हवा-पाणी मिळत नाही आणि झाड आतून मरते. विहाराचा पार बांधायचा असेल तर बुंध्याभोवती चार-पाच हात माती मोकळी ठेवा. खोडात खिळे ठोकून फलक लावू नका, जयंतीचेसुद्धा. बुंध्याशी कचरा जाळू नका. फांद्यांना तार आवळू नका.

नोंदवहीत काय असावे?

दोनशे पानांची एक वही घ्या आणि प्रत्येक झाडाला एक पान द्या :

१. झाडाचे नाव, आपल्या बोलीतले आणि पुस्तकातले.
२. जागा : कोणाच्या घराजवळ, शेतात, पांदणीवर.
३. घेर, उंची, सावलीचा पसारा आणि मोजल्याची तारीख.
४. कोणी लावले, केव्हा. कोणी सांगितले.
५. त्याखाली काय घडले : सभा, शाळा, बैठक, लग्न.
६. कोणते पक्षी, कोणाचा रोजगार.
७. आजची प्रकृती : पोकळी, वाळवी, जळीत, सिमेंट.

ब्रिटनमध्ये वुडलँड ट्रस्ट ही संस्था अशीच यादी ठेवते आणि त्यात सामान्य नागरिकांनी कळवलेली झाडे घेतली जातात. ते काम तेथे होते तर येथे का होऊ नये? आपल्याकडे तर विहार आहे, महिला मंडळ आहे, शिकलेली मुले-मुली आहेत.

येत्या बुद्धपौर्णिमेला प्रत्येक विहाराने एवढेच करावे. वंदना झाली की पोरांच्या हाती टेप द्यावी, एखाद्या आजीला खुर्ची द्यावी आणि पहिल्या पानावर विहाराच्या अंगणातले झाड लिहावे. लावणाऱ्याचे नाव आठवत असेल तर ते ठळक अक्षरांत लिहावे. त्या माणसाच्या नावावर जमीन नसेल, घरही पक्के नसेल, पण ज्या झाडाखाली तीन पिढ्या बसल्या ते त्याने लावले, हे तरी कागदावर राहील.